स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वाटसरू (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ११:४२

अकरा आठवड्यांपूर्वी अपघात झाला. एल-१ (कमरेचा पहिला) मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. इजा 'अपूर्ण' आहे, म्हणजे खाली थोडेफार संदेश पोचताहेत. ऑपरेशननंतर गेले आठ आठवडे पुनर्वसन केंद्रात आहे. वय ३४. उजव्या मांडीत बऱ्यापैकी जोर आलाय, डावा पाय मात्र अजून मनावर घेत नाही. पॅरलल बारमध्ये (धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये) कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बांधून आठ पावलं होतात. मग हात थरथरायला लागतात आणि मागून पट्टा धरून कुणीतरी बसवतं.

आज सकाळी ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या, रोजची कामं पुन्हा शिकवतात त्या) मॅडम टेप घेऊन आल्या. माझ्या नावाची व्हीलचेअर करायची, तिचं माप घ्यायला. मी नको म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा, शेजारच्या खाटेवरचे काका वळून बघायला लागले. दुपारी समुपदेशक येऊन बसले. म्हणाले, स्वीकाराचा टप्पा यायला वेळ लागतो, हळूहळू येईल.

मला प्रश्न पडलाय तो हाच. सकाळी नऊ वाजता जी माणसं 'हिंमत सोडायची नाही, अजून एक पाऊल' म्हणतात, तीच संध्याकाळी 'आता स्वीकारायला शिक' म्हणतात. स्वीकारलं तर मग सकाळी घाम कशासाठी गाळायचा? आणि नाही स्वीकारलं तर मी आडमुठा, वास्तव न बघणारा. रात्री दिवे गेले की हेच डोक्यात फिरत राहतं. कधीकधी वाटतं सकाळ होऊच नये.

जे यातून गेले आहेत त्यांनी सांगा. स्वीकारलं म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?

---

रानजाई · सोमवार, रात्री ११:५८

वाचलं. नीट लिहायला उद्या बसते. तोवर एवढंच, की आठ पावलं म्हणजे 'फक्त आठ' नाहीत.

---

पानगळ · मंगळवार, रात्री १२:२०

वाटसरू, बाकीचं नंतर. शेवटून दुसऱ्या परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी विचारते आणि सरळच विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, असं काही ठरवलं आहे का?

मी मानसशास्त्रात काम करते. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही. पण उत्तर 'हो' असेल तर आत्ता रात्रपाळीला जी नर्स आहे तिला बेल मारून बोलवा आणि हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. सकाळची वाट बघू नका.

---

वाटसरू · मंगळवार, रात्री १२:५१

ठरवलं काहीच नाही. विचार मात्र येतो, खोटं बोलत नाही. सिस्टरना बोलावलं. त्या खुर्ची ओढून वीस मिनिटं बसल्या. सकाळी डॉक्टरांना सांगते म्हणाल्या, आणि तुम्ही स्वतःही सांगा म्हणाल्या. झोपायचा प्रयत्न करतो. विचारल्याबद्दल आभार, ताई.

---

कासव · मंगळवार, सकाळी ७:१५

बरं केलंत बेल मारलीत ते.

माझी इजा तुमच्यापेक्षा वरची, टी-५ ला (छातीच्या मागचा मणका), आणि जवळजवळ पूर्ण. सात वर्षं झाली. मीसुद्धा खुर्ची नाकारली होती, चांगली तीन आठवडे. कॅलिपर बांधून बारमध्ये उभा राहायचो आणि अंग झोकत झोकत पुढे सरकायचो. ती चाळीस मिनिटं संपली की उरलेला दिवस खाटेवर. हातात त्राण नसायचं. कुणी भेटायला आलं तर पडल्या पडल्या बोलायचं, पाणी हवं तर कुणाला तरी हाक मारायची. मी समजत होतो की मी झुंजतोय. दिवसातले तेवीस तास आपण नुसते आढ्याकडे बघतोय, हे मोजलंच नव्हतं.

मग एके दिवशी माझ्या फिजिओने विचारलं, "तुझी खोली ते लिफ्ट, किती पावलं?" माहीत नव्हतं. आठ आठवड्यांत मी स्वतःहून तिथवर गेलोच नव्हतो. न्यायचे तेव्हा स्ट्रेचरवरून न्यायचे. त्या दुपारी वॉर्डातली जुनी खुर्ची घेऊन लिफ्टपर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. चौथ्या खेपेला लिफ्टमध्ये शिरलो आणि बटण दाबलं. कुठल्या मजल्याचं तेही बघितलं नाही.

खुर्ची आली म्हणून माझं उभं राहणं बंद झालं नाही, खाटेवर पडून राहणं बंद झालं. तुमच्याकडे तर माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त पाय शिल्लक आहेत. तुम्हाला दोन्ही लागेल: बारमधली आठ पावलं, आणि उरलेल्या दिवसासाठी चाकं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मात्र माझ्याकडे नाही. अमुक दिवशी स्वीकारलं असं मला सांगताच येणार नाही.

---

आशावादी · मंगळवार, सकाळी ९:०५

मी वयाने मोठा आहे म्हणून हक्काने सांगतो. स्वीकारबिकार काही करू नका! माझ्या पुतण्याला डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, हा चालणार नाही. आज काठी घेऊन सगळीकडे फिरतो. इच्छाशक्ती पाहिजे. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात राहिली, आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक! मनात आणलं तर काय होत नाही?

---

दुसरी_पाळी · मंगळवार, दुपारी २:३०

काका, पुतण्याचं वाचून खरंच आनंद झाला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं मज्जारज्जूच्याच वॉर्डात. म्हणून थोडं वेगळं सांगते, रागावू नका.

इजा झाल्यावर सुरुवातीला मज्जारज्जू 'शॉक'मध्ये असतो. इजेच्या खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया काही दिवस, कधी काही आठवडे थंडावतात. त्या काळात केलेलं भाकीत चुकू शकतं. शॉक ओसरल्यावर काय उरलंय ते दिसतं. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत; पुढेही होते, पण हळू. अपूर्ण इजेत वाव जास्त असतो. म्हणून वाटसरू, अकराव्या आठवड्याला 'संपलं' असं कुणीही म्हणत नाहीये, तुमच्या ओटी मॅडमही नाहीत.

पण इच्छाशक्तीचं एक सांगते. इच्छाशक्तीने माणूस रोज बारपाशी येतो, आणि त्याचा फायदा शंभर टक्के आहे. तुटलेला तंतू मात्र इच्छेने जुळत नाही. माझ्यासमोर एकाच इजेची दोन माणसं, एकाच जिद्दीची. एक चालत गेला, एक नाही. जो चालला नाही त्याला सगळ्यांनी पेटकरांची गोष्ट सांगितलेली होती. शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "मॅडम, मीच कुठेतरी कमी पडलो." त्या वाक्याने मला आजही झोप लागत नाही काही रात्री.

---

मुक्ता_०९ · मंगळवार, दुपारी ३:१२

दुसरी_पाळी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे 'आधीचं शरीर' आणि 'नंतरचं शरीर' हा झगडा माझा नाही. पण प्रेरणेच्या गोष्टींचा मारा लहानपणापासून झेललाय. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग २०१४मध्ये याविरुद्ध फार स्पष्ट बोलल्या होत्या. त्या स्वतः व्हीलचेअर वापरायच्या. आमची आयुष्यं इतरांना हुरूप यावा म्हणून भिंतीवर टांगायची चित्रं नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

आणि आशावादी काका, पेटकरांची गोष्ट तुम्ही सांगता त्याच्या उलट बाजूनेही वाचता येते. ते आधी मुष्टियोद्धे होते. पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. पाय परत येतील आणि मग रिंगणात उतरेन, असं म्हणून ते थांबले असते तर ते पदक आलंच नसतं. जे शरीर होतं ते घेऊन पाण्यात उतरले. याला हार म्हणायचं की स्वीकार, तुम्हीच सांगा.

---

आशावादी · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मुक्ता, हा विचार मी केला नव्हता. पुतण्यालाही फोन केला. तो म्हणाला, "काका, तुम्ही दवाखान्यात रोज 'तू चालणारच' म्हणायचात ना, तेव्हा तुम्ही आलात की मी झोपल्याचं सोंग करायचो." मला आजवर माहीत नव्हतं. वाटसरू, माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण त्यातला जोर कमी करतो.

---

सागरगोटा · मंगळवार, रात्री ८:०१

मानसशास्त्रात पाच टप्पे सांगितलेत ना? नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. वाटसरू नकार आणि रागाच्या मध्ये असावेत. क्रमाने होईल सगळं. आणि एक संशोधनही आहे, लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंगत्व आलेले लोक वर्षभराने सारखेच आनंदी असतात म्हणे.

---

पानगळ · मंगळवार, रात्री १०:३०

सागरगोटा, दोन्ही गोष्टी इतक्या पसरल्यात की तुमचा दोष नाही. पण पुनर्वसनात त्यांनी नुकसान होताना मी पाहिलंय, म्हणून लांबलचक लिहिते.

पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून. वाटसरू मरणाच्या दारात नाहीत, त्यांना पुढे जगायचंय. शिवाय लोक या पायऱ्या क्रमाने चढत नाहीत. १९८९मध्ये वॉर्टमन आणि सिल्व्हर या दोघींनी नुकसान सोसण्याबद्दलच्या रूढ समजुती तपासल्या. मोठा आघात झाला की नैराश्य यायलाच हवं, ते आलं नाही तर माणूस काहीतरी दडपतोय, या समजुतीला पुरावा फार तोकडा निघाला. तरीही कित्येक वॉर्डांत रुग्ण हसला की 'अजून नकारात आहे' आणि रडला की 'चला, टप्पा आला' असं म्हणतात. वाटसरूंनी खुर्ची नको म्हणताच 'टप्पा' हा शब्द आलाच की नाही? त्यांना *का* नको आहे, हे कुणी विचारलं का?

लॉटरीचं संशोधन १९७८चं, ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचं. अपघातग्रस्त होते फक्त २९. आणि ते 'सारखेच आनंदी' नव्हते, तुलनेच्या गटापेक्षा कमीच आनंदी होते. मात्र आनंदाच्या मोजपट्टीवर मध्याच्या वर होते. बाहेरच्यांना वाटतं तितके तळाला नव्हते. १९९९मध्ये अल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांशी सविस्तर बोलून पाहिलं, तर निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम आहे असं सांगितलं. पण हे आकडे अकराव्या आठवड्यातल्या माणसाच्या तोंडावर फेकू नयेत. 'एक दिवस बरं वाटेल' हे खरं असलं तरी आज रात्री त्याचा काही उपयोग नसतो.

आता 'स्वीकार'. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की मागे 'पदरी पडलं पवित्र झालं' ऐकू येतं. म्हणजे कुरकुर बंद, आहे ते गोड मान. वाटसरू ज्याला घाबरताहेत ते हे, आणि बरोबर घाबरताहेत. पुनर्वसनाच्या मानसशास्त्रात हा शब्द आला तो वेगळ्या अर्थाने. बिअॅट्रिस राइट यांनी १९६०च्या सुमारास तो उलगडून सांगितला. जे गेलं त्याला त्यांनी कमी लेखलं नाही. त्यांनी चार बदल सांगितले, त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटतो तो अपंगत्वाला त्याच्या जागेवर थोपवण्याचा. पायाची इजा पायात राहत नाही, ती पसरते. डावा पाय उचलत नाही, म्हणून मी कामाचा नाही, म्हणून मी नवरा म्हणून नालायक, म्हणून माझं मतही कुणी विचारू नये. यातलं पहिलं वाक्य खरं. बाकीची तीन पाठोपाठ शिरलेली.

दुसरा बदल तुलनेचा. आठ पावलांची तुलना पूर्वीच्या धावण्याशी केली की ती शून्य दिसतात. त्या आठ पावलांत काय होतं (खाटेवरून संडासापर्यंत? गाडीच्या दारापर्यंत?) हे विचारलं की त्यांना स्वतःची किंमत येते.

---

सायली_आ · बुधवार, सकाळी ६:५०

धागा रात्रभर वाचत होते. माझं थोडं अवांतर आहे, पण कुणाला तरी उपयोगी पडेल.

माझ्या नवऱ्याला ५२व्या वर्षी स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिसऱ्या आठवड्यापासून ते रडायला लागले. कुणी दारात आलं की रडू, टीव्हीवर लहान मूल दिसलं की रडू. रडता रडता मध्येच थांबायचं, जसं कुणी नळ बंद केला. नातेवाईक म्हणायचे, असा खचू नकोस. मी त्यांच्यासमोर धीराचं तोंड करायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची.

मग डॉक्टरांनी सांगितलं की हे दुःख नाही. मेंदूत भावना बाहेर पडण्यावर जो लगाम असतो तोच सैल झालाय. यावर गोळ्या असतात, सुरू केल्या, महिन्याभरात रडणं बरंच उतरलं. मी निर्धास्त झाले, आणि तिथेच चुकले. रडणं थांबलं, पण ते गप्प गप्प झाले, जेवण सोडलं, हात पुढे करेनात. मी म्हटलं, चला, शांत झाले. ते खरं नैराश्य होतं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला येतं, हे नंतर कळलं. ज्याला बोलताच येत नाही तो सांगणार कसा? मला जेवणावरून, झोपेवरून आणि व्यायामाला दिलेल्या नकारावरून ओळखायला हवं होतं.

अजून एक. मी त्यांची सगळी बटणं लावायची. प्रेमानेच. ओटीच्या ताईंनी एके दिवशी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता हात मांडीखाली घ्या." मी स्वतःच्या हातांवर बसले आणि त्यांना एक बटण लावायला अकरा मिनिटं लागली. मला वाटत होतं छाती फुटेल. मग कळलं की न वापरल्यानेही हात 'विसरतो'. एडवर्ड टॉब यांनी याचा खूप अभ्यास केलाय. चांगला हात बांधून ठेवून अधू हाताकडूनच काम करून घ्यायची त्यांची पद्धत आहे. आमच्याकडे ती पुढे वापरलीही.

अकरा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं. रडले नाहीत.

---

रानजाई · बुधवार, सकाळी ८:२२

सायलीताई, 'हात मांडीखाली' मी कपाटावर लिहून लावणार आहे. माझ्या लेकाला गुलियन-बारे (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) झालं होतं. ते पुष्कळसं भरून येतं, आलंही. पण त्या पाच महिन्यांत मी त्याच्या तोंडात घास, पाठीला उशी, प्रत्येक वाक्याला उत्तर. तो माझ्यावर इतका ओरडायचा! नर्सशी गोड, फिजिओशी गोड, फक्त मला बोचरं. खूप लागायचं. नंतर त्यानेच सांगितलं, "आई, अख्ख्या दिवसात तुझ्याच समोर मी बिनधास्त वाईट वागू शकत होतो." वाटसरू, तुमच्या घरच्यांना हे सांगून ठेवा.

---

अबोली · बुधवार, सकाळी ११:१०

माझा डावा पाय गुडघ्याच्या वर कापला आहे, चार वर्षं झाली. माझा आजार होता 'मार्कांचा'.

पुनर्वसन केंद्रात एफआयएम नावाची मोजपट्टी वापरतात. १८ बाबी: खाणं, आंघोळ, कपडे, संडास-लघवीवर ताबा, ट्रान्सफर (खाटेवरून खुर्चीत वगैरे जाणं), चालणं, जिने, बोलणं, लक्षात ठेवणं वगैरे. प्रत्येकीला १ ते ७. एकूण १२६. मी शाळेत कायम पहिली, त्यामुळे मला १२६ हवे होते. दर पंधरा दिवसांनी कागद मागून घ्यायची. ९४, १०३, १११. मग गाडी अडली. चालण्याला ६च. पुढच्या वेळी ६. मी फिजिओशी भांडले, की मी कुणाचीही मदत न घेता चालते, पूर्ण मार्क का नाहीत?

तेव्हा कळलं. ७ म्हणजे कुठलंही साधन न वापरता, सुरक्षितपणे, योग्य वेळेत. ६ म्हणजे कुणाचीही मदत न घेता, पण साधन वापरून, किंवा जास्त वेळ घेऊन. कृत्रिम पाय हे साधन. म्हणजे मी एव्हरेस्ट चढले तरी चालण्याला ६च. जन्मभर.

त्या दिवशी खूप रडले. मग त्या ६ची व्याख्या पुन्हा वाचली: *कुणाचीही मदत न घेता*. मला हवं होतं ते हेच होतं ना? मी ज्या एका मार्कासाठी भांडत होते तो स्वातंत्र्याचा नव्हताच, शरीर मूळचं असल्याचा होता. वाटसरू, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. मी स्वीकारलं म्हणजे ६ला ६ म्हणाले. फँटम वेदना आजही होतात, नसलेली करंगळी रात्री पेटते. ते काही स्वीकारलेलं नाही. त्यावर औषध घेते, आरशाचे व्यायाम करते आणि चिडते.

---

सागरगोटा · बुधवार, सकाळी ११:४५

अबोली, हे वाचून बराच वेळ काही लिहिताच आलं नाही. टप्प्यांचं जे लिहिलं होतं त्याबद्दल वाटसरूंची माफी मागतो.

---

कासव · बुधवार, दुपारी १:००

अवांतर, पण जीवाशी संबंधित आहे म्हणून लिहितोच. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांसाठी. अचानक डोकं घणघणायला लागलं, चेहरा लाल, घाम, छातीत धडधड, तर ती दरवेळी 'घबराट' नसते. मला पहिल्यांदा झालं तेव्हा नवख्या माणसाने 'टेन्शन घेऊ नका, दीर्घ श्वास घ्या' म्हणून पाठीवर थोपटलं. प्रत्यक्षात कॅथेटरची नळी मुडपली होती, मूत्राशय भरलं होतं आणि रक्तदाब भडकला होता. ताबडतोब ताठ बसवायचं, घट्ट कपडे-पट्टे सैल करायचे, नळी बघायची, आणि लगेच डॉक्टर. आपल्या प्रत्येक तक्रारीला मनाचं लेबल लागायला लागलं की अशा गोष्टी निसटतात. वाटसरू, एल-१ला याचा धोका नाही, पण शेजारच्या खाटांना सांगून ठेवा.

---

मुक्ता_०९ · बुधवार, दुपारी १:२५

वातावरण जड झालंय म्हणून. माझ्या भाचीने माझ्या वॉकरला नाव ठेवलंय: 'खडखड मावशी'. आता घरात कुणीच वॉकर म्हणत नाही. "मावशी कुठाय?" विचारलं की दोघी हजर होतो.

---

दुसरी_पाळी · बुधवार, रात्री ९:१५

मुक्ता, आमच्या वॉर्डातही चौघांनी वॉकरना नावं ठेवली होती आणि कुणाचा कोणता यावरून रोज भांडण. आवाज ऐकून मी धावत जायची, तर चौघे हसत बसलेले.

---

वाटसरू · शनिवार, संध्याकाळी ५:३०

चार दिवस नुसतं वाचत होतो. प्रत्येकाचं दोन-दोनदा वाचलं.

डॉक्टरांशी बोललो. रात्रीचे विचार सांगितले. एक गोळी सुरू केलीय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाले. समुपदेशक आता रोज येतात. त्यांना पानगळताईंचा प्रश्न मी स्वतःच सांगितला, की मला खुर्ची *का* नको होती ते विचारा. त्यांनी विचारलं. तोवर मलाही माहीत नव्हतं.

वॉर्डातली खुर्ची मी रोज वापरतोच. ती दवाखान्याची आहे, मागे नंबर रंगवलेला आहे, उद्या दुसरा कुणी बसेल. मी तिच्यात पाहुणा. पण टेप लावून कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची घेतली, की ती दुसऱ्या कुणाला बसणारच नाही. ती माझी. आणि ती माझी झाली की मी तिचा झालो, असं काहीतरी डोक्यात होतं. कपड्याचं माप शिंपी घेतो तेव्हा आपण अंग थोडं चोरतोच ना, तसा मी आख्खा चोरून बसलो होतो.

काल माप दिलं. ओटी मॅडमना म्हटलं, एक अट आहे, कागदावर बारची वेळ कमी करायची नाही. त्या म्हणाल्या, कमी करायचं कुणी म्हटलं होतं? मग दोघांनाही हसू आलं. पावलं सोमवारी आठ होती, गुरुवारी सहा, आज पुन्हा आठ. डावा पाय तसाच.

अबोलीताई, मी अजून ६ला ६ म्हणू शकत नाही. मला ७ हवेत. पण मोजपट्टीत ६ काय असतं ते आता वाचलंय. पूर्वी ७च्या खाली सगळं एकच वाटायचं.

घरी जायची तारीख पाच आठवड्यांनी आहे. कासवदादा, एक विचारायचंय. हातटेकू काढता येणारे घ्यावेत की पक्के? आणि गादी हवेची की जेलची?

---

अबोली · शनिवार, संध्याकाळी ६:०५

७ हवेत तर हवेत. अकराव्या आठवड्यात मलाही हवे होते.

---

कासव · शनिवार, संध्याकाळी ६:२०

हातटेकू काढता येणारेच घ्या, नाहीतर ट्रान्सफर करताना दरवेळी त्यावरून अंग उचलावं लागेल. पायटेकूही बाजूला वळणारे घ्या. तुम्ही उभे राहणार आहात, पाय जमिनीला टेकायला जागा हवी.

गादीचं इथे विचारून ठरवू नका. बैठकीखाली दाब मोजायची चादर असते, तुमच्या केंद्रात असेल तर दोन्ही गाद्यांवर बसून बघा. मी हवेची वापरतो. रोज सकाळी हात खाली घालून हवा तपासावी लागते, आळस करून चालत नाही. जेलची जड, पण कमी कटकट. आणि गादी कुठलीही असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब सोडायचा, त्याला पर्याय नाही. मोबाईलवर गजर लावा.

रंग कुठला घेताय?

---

वाटसरू · शनिवार, संध्याकाळी ६:४८

रंगाचं कुणी विचारलंच नव्हतं. विचारतो.